कोटा-मालेरी थर आणि कोटा फॉर्मेशन एकच का? खडकांची नावं नेमकी कोण आणि का बदलतं?

प्राणहिता_काठचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी सिरोंचा तालुक्यात सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. आमच्या भागात डायनासोर सापडला हे पोरांना लहानपणापासून माहीत असतं, वडधमचं फॉसिल पार्क पण इथलंच, म्हणून यंदा ठरवलं की पुस्तकातला धडा बाजूला ठेवून आपल्याच जमिनीवर चार तास घ्यायचे. माहिती गोळा करायला बसलो आणि नावांतच अडकलो. एका जुन्या झेरॉक्समध्ये "कोटा-मालेरी थर" असं एकत्र लिहिलंय, नवीन लेखांत "कोटा फॉर्मेशन" वेगळं आणि "मालेरी फॉर्मेशन" वेगळं, शिवाय मधे धर्माराम, भीमाराम, येर्रापल्ली अशी नावं येतात जी जुन्या कागदात कुठंच नाहीत. एका ठिकाणी "गोंडवन सिस्टीम" आहे तर दुसरीकडं "गोंडवन सुपरग्रुप". हे सगळं मी फळ्यावर लिहिलं तर एक पोरगी उभी राहून म्हणाली, सर दगड तर तोच आहे ना, मग नाव काऊन बदललं?

मला उत्तर देता आलं नाही. उद्या सांगतो म्हणालो. त्या गोष्टीला आता आठ दिवस झाले. कोणी जाणकार असेल तर सोप्या भाषेत सांगा, आणि नुसतं "संशोधन पुढं गेलं म्हणून बदललं" असं नको, कारण तेवढं मी पण सांगू शकतो. नेमकं काय बघून बदललं ते हवंय.

---

हातोडा_आणि_होकायंत्र

सर, तुमच्या त्या विद्यार्थिनीने जो प्रश्न विचारला तो आमच्याकडे एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत विचारतात आणि बरेच जण चुकतात. मी गोदावरी खोऱ्यात बरीच वर्षं पायी फिरलोय, जेवढं जमेल तेवढं सांगतो, लांबेल जरा.

पहिली गोष्ट ही की फॉर्मेशन म्हणजे काळ नाही, फॉर्मेशन म्हणजे खडक. हे डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं आपोआप सुटतं. एखादा जाड थर, ज्याचा खडक वरच्या-खालच्या थरापेक्षा वेगळा ओळखता येतो आणि जो चालत चालत जाऊन नकाशावर रेघ मारून दाखवता येतो, त्याला फॉर्मेशन म्हणतात. नाव त्या भागातल्या गावाचं, नदीचं, टेकडीचं द्यायचं, आणि तो थर जिथं नीट दिसतो अशी एक जागा नेमून द्यायची, म्हणजे पुढच्या माणसाला जाऊन ताडून बघता येईल. फॉर्मेशनचे तुकडे म्हणजे मेंबर, अनेक फॉर्मेशन मिळून ग्रुप, ग्रुप मिळून सुपरग्रुप. जीवाश्म सापडले म्हणून फॉर्मेशन होत नाही आणि वय समजलं म्हणूनही होत नाही.

आता तुमचं कोटा-मालेरी. कोटा हे तुमच्याच तालुक्यातलं प्राणहितेच्या डाव्या काठावरचं गाव, मालेरी नदीपलीकडं तेलंगणात. कोट्याच्या चुनखडीत माशांचे जीवाश्म सापडले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, चकचकीत जाड खवल्यांचे मासे, लेपिडोटीस वगैरे, आणि तसे मासे युरोपात लायस नावाच्या थरात म्हणजे ज्युरासिकच्या सुरुवातीच्या खडकात मिळत होते. नागपूरला राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी हंटर यांचं या सगळ्या भागावर मोठं काम आहे, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. मालेरीकडच्या लाल मातीत मात्र वेगळाच माल निघाला. सेरॅटोडस या फुप्फुसमाशाचे दात, ज्यातल्या एका जातीला ओल्डहॅमने १८५९ मध्ये हिस्लॉपवरून नाव दिलं, आणि पुढं हायपरोडापेडॉन नावाच्या चोचीच्या सरड्यासारख्या प्राण्याची हाडं. हे प्राणी ट्रायासिकचे, म्हणजे ज्युरासिकच्या आधीच्या काळातले.

तरी दोन्ही एकाच गाठोड्यात बांधले गेले. विल्यम किंगने १८८१ मध्ये प्राणहिता-गोदावरी खोऱ्यावर जो मोठा ग्रंथ लिहिला त्यात "कोटा-मालेरी" असा एकत्र गट आहे. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, जंगल, झाकलेली जमीन, थर जवळजवळ आडवे, उघडा खडक कुठं नाल्यात तर कुठं टेकाडावर, मधे मैलभर काळी माती. अशा ठिकाणी लाल माती कुठं संपते आणि दुसरी लाल माती कुठं सुरू होते हे बैलगाडीच्या जमान्यात ठरवणं म्हणजे खायचं काम नव्हतं.

सुटं झालं ते १९५७ नंतर. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी लंडनच्या जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना आपल्या कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बोलावलं आणि तिथल्या तरुण मंडळींनी, जैन, रॉय चौधरी, कुट्टी, चॅटर्जी, या खोऱ्यात वर्षानुवर्षं पायी फिरून नकाशे केले. त्यांना दिसलं की लाल माती एक नाहीच. खाली एक लाल माती, त्यावर वाळूचा दगड, त्यावर पुन्हा लाल माती, परत वाळूचा दगड. खालच्या लाल मातीतले प्राणी वेगळे निघाले, १९६४ मध्ये जैन, रॉबिन्सन आणि रॉय चौधरी यांनी तिथला प्राणिसमूह छापला, त्या थराचं नाव येर्रापल्ली. त्यातल्या एका सुळेवाल्या, जाडजूड प्राण्याचं नाव वाडियासॉरस, आपल्या भूवैज्ञानिक दा. नो. वाडियांवरून. मधला वाळूचा दगड भीमाराम, त्यावर खरं मालेरी, त्यावर धर्माराम आणि सगळ्यात वर, मधे खंड पडून, कोटा.

म्हणजे बघा, पोरीचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. दगड तोच, पण तो एक दगड नव्हता, चार-पाच होते. आपण एकाच नावाने हाक मारत होतो.

---

नर्मदातीर_जबलपूर

वरचं उत्तर वाचून राहवलं नाही. आम्ही तीन पिढ्या जबलपूरला, आणि इथं याच्या अगदी उलट घडलंय तेही मास्तरांनी पोरांना सांगावं असं वाटतं. इथं वय पार बदललं पण नाव हललं नाही.

भेडाघाटाजवळ लमेटा घाट आहे. तिथल्या थरांना जे. जी. मेडलिकॉटने १८६० मध्ये लमेटा नाव दिलं. डायनासोरची हाडं त्याच्याही आधी, १८२८ मध्ये, स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याला जबलपूरच्या छावणीजवळच्या बारा सिमला टेकडीवर मिळाली होती, म्हणजे डायनासोर हा शब्दच अजून जन्माला यायचा होता. १८७७ मध्ये लायडेकरने इथल्या हाडांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. मग मॅटली हा भूवैज्ञानिक आला, त्याने टेकडी खणली, आणि १९३३ मध्ये फॉन ह्यूने आणि मॅटली यांनी मोठा ग्रंथ काढला. त्यांनी हाडांची तुलना दुसऱ्या देशांतल्या हाडांशी करून लमेटाला ट्यूरोनियन ठरवलं, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचं.

हे पन्नास वर्षं चाललं. १९८० च्या दशकात माशांचे अगदी बारीक दात वगैरे चाळण लावून शोधले गेले, त्यात इग्डाबॅटिस नावाच्या पाकटासारख्या माशाचे दात मिळाले, आणि ते मास्ट्रिक्टियनचे, म्हणजे क्रिटेशसच्या (ज्युरासिकनंतरच्या काळाच्या) अगदी शेवटचे. लमेटाच्या डोक्यावरच डेक्कन ट्रॅपचा लाव्हा बसलाय जो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे लमेटा २ कोटी वर्षांहून जास्त "तरुण" झालं! पण नाव? लमेटाच. कारण हिरवट वाळूचा दगड, त्यावर चुनखडी, त्यावर गाठी-गाठींचा चित्रविचित्र रंगाचा थर, हा क्रम होता तसाच आहे, नकाशावरची रेघ हलली नाही.

एवढंच नाही, ते समुद्रात झालं की जमिनीवर यावरही भांडण झालं. काही जण म्हणायचे भरती-ओहोटीचा किनारा, मग १९८७ मध्ये ब्रुकफील्ड आणि साहनी यांनी मांडलं की हा कोरड्याशा हवामानातला नद्यांचा आणि जुन्या मातीचा प्रदेश. नाव तरीही लमेटा.

आणि हे तुमच्या विदर्भाचंही आहे बरं का. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा, तिथं लमेटाच्याच थरात डायनासोरची वाळून दगड झालेली विष्ठा मिळते, आणि त्यातून २००५ मध्ये गवताचे सूक्ष्म सिलिकाचे कण निघाले. त्याआधी सगळे समजायचे की डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच. जवळच डोंगरगावला एका लांबमान्या डायनासोरचा सांगाडा मिळाला, १९९७ मध्ये त्याला टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हटलं, २००३ मध्ये तेच नाव बदलून इसिसॉरस झालं, तुमच्या त्या कोलकात्याच्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून. प्राण्याचं नाव बदललं, खडकाचं वय बदललं, खडकाचं नाव तेच. पोरांना हे फळ्यावर शेजारी-शेजारी दोन रकान्यांत लिहून दाखवा.

---

कामठीवाला

मला एक तक्रारीसारखं म्हणायचंय, राग मानू नका. आमच्या गावाचं नाव एका फॉर्मेशनला आहे याचा आम्हाला अभिमान, कामठीचा तो लालसर-पिवळा वाळूचा दगड. पण जेवढे लेख वाचतो तेवढ्या वेळा कामठीचा अर्थ वेगळा. कोणी म्हणतं खालचा, मधला, वरचा असे तीन भाग, कोणी खालच्या भागाला दुसऱ्याच खोऱ्याचं नाव देतं, खाली ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची पानं म्हणजे पर्मियन, ट्रायासिकच्या आधीचा काळ, आणि वर ट्रायासिक. मांगलीची ती १८५५ मध्ये ओवेनने वर्णन केलेली ब्रॅकिऑप्स या नामशेष उभयचराची चपटी कवटी, ती कामठीतली मानायची की मांगली थर वेगळे धरायचे यावर पण एकमत नाही. असं तोडत गेलं तर सामान्य माणसाने काय समजायचं? आणि दुसरं म्हणजे जुन्या संग्रहालयात ज्या हाडांवर "कोटा-मालेरी" एवढीच चिठ्ठी आहे त्यांचं काय? ती हाडं आता कोटाची की मालेरीची? नाव तोडलं की जुनी चिठ्ठी आंधळी होते.

---

हातोडा_आणि_होकायंत्र

कामठीवाले, तुमची दुसरी तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि आमच्या लोकांना ती रोज जाणवते. जुन्या चिठ्ठीवर नुसतं थराचं नाव असेल तर तो नमुना खरंच अर्धा मुका होतो. कधी हाडाला चिकटलेली माती-दगड बघून काही सांगता येतं, कधी नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मालेरीचंच आहे. पॅरासुकस हिस्लॉपी, मगरीसारख्या लांब तोंडाचा प्राणी, लायडेकरने १८८५ मध्ये वर्णन केला, नाव पुन्हा हिस्लॉपवरून. नंतर लक्षात आलं की ज्या हाडांवर ते नाव उभं होतं त्यांत त्या चोचवाल्या हायपरोडापेडॉनची हाडं मिसळलेली. दोन प्राण्यांचा एक प्राणी झाला होता. शेवटी चॅटर्जींनी एक चांगला, एकाच प्राण्याचा सांगाडा पुढं केला आणि प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००३ मध्ये तो नवा प्रमाण नमुना म्हणून मान्य केला. ११८ वर्षं लागली. हाडं एकत्र गोळा केलेली, एकत्र पेटीत भरलेली, तिथंच घोळ झाला.

म्हणून मी माझ्या हाताखालच्या पोरांना कायम सांगायचो की चिठ्ठीवर फॉर्मेशनचं नाव सगळ्यात शेवटी लिहा, आधी गाव लिहा, नाला लिहा, कोणत्या काठावर, पाण्यापासून किती हात वर, वर कोणता दगड, खाली कोणता. फॉर्मेशन हे आपलं मत असतं, गाव आणि नाला हे बघितलेलं असतं. मत उद्या बदलेल.

पण पहिल्या तक्रारीशी मी सहमत नाही. तोडणं चुकीचं नसतं, जर तोडलेली रेघ दुसऱ्या माणसाला जमिनीवर सापडत असेल. कामठीचा गोंधळ तोडल्यामुळं नाही, तर वर्धा खोऱ्यात आणि गोदावरी खोऱ्यात कामठी हेच नाव वेगवेगळ्या जाडीसाठी वापरलं गेलं म्हणून आहे. नाव एक आणि वस्तू दोन, हे नाव दोन आणि वस्तू एक यापेक्षा जास्त घातक.

---

दगडू_नव्हे_दगडप्रेमी

मास्तरांचा सिस्टीम आणि सुपरग्रुपवाला प्रश्न राहिला म्हणून थोडक्यात. सिस्टीम, सीरिज, स्टेज हे शब्द काळाला बांधलेल्या खडकांसाठी, जसं ज्युरासिक सिस्टीम, जगभर एकच. सुपरग्रुप, ग्रुप, फॉर्मेशन हे नुसत्या खडकासाठी, त्या-त्या प्रदेशाचे. जुन्या लोकांनी गोंडवनला सिस्टीम म्हटलं, पण गोंडवनचे थर पर्मियनच्याही आधीपासून सुरू होऊन पार क्रिटेशसपर्यंत जातात, जगाच्या चार-पाच सिस्टीम्स त्यात बसतात, मग ती स्वतः सिस्टीम कशी असेल? भारतासाठी स्तरांच्या नामकरणाची संहिता १९७१ मध्ये आली, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९७६ मध्ये, त्यानंतर हळूहळू सुपरग्रुप रुळलं. आणि गोंडवन हे नाव गोंडांच्या प्रदेशावरूनच, एच. बी. मेडलिकॉटने १८७२ मध्ये वापरलं, छापून आलं ते १८७६ मध्ये फाइस्टमांटेलच्या लेखात, मग ऑस्ट्रियाच्या झ्यूसने अख्ख्या दक्षिण खंडाला गोंडवनालँड केलं. हा मेडलिकॉट म्हणजे वरच्या लमेटावाल्याचा भाऊ. मास्तर, तुमच्या वर्गात गोंड मुलं असतीलच, त्यांना हे नक्की सांगा, सगळ्या जगाच्या पुस्तकांत त्यांचं नाव आहे.

बाहेरचं एक उदाहरण हवं असेल तर स्कॉटलंडचं एल्गिन. तिथल्या वाळूच्या दगडाला सगळे डेव्होनियन, म्हणजे ट्रायासिकच्या कितीतरी आधीचा, धरून बसले होते, कारण जवळचा जुना लाल दगड डेव्होनियन आणि दिसायला सारखा. १८४४ मध्ये अगासीने तिथली खवली बघून प्राण्याला मासा ठरवलं. हक्सलीने १८५९ मध्ये दाखवलं की तो मासा नाही, सरपटणारा प्राणी आहे, आणि त्याच दगडात हायपरोडापेडॉन निघाला. पुढं तो दगड ट्रायासिकमध्ये गेला. तोच हायपरोडापेडॉन जो तुमच्या मालेरीत आहे.

---

प्राणहिता_काठचा_मास्तर

मंडळी काय बोलू, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. दोन शंका राहिल्यात. एक, बारापासॉरस कोणत्या थरात धरायचा? दोन, कोटाचं वय आता तरी पक्कं झालंय का?

---

हातोडा_आणि_होकायंत्र

बारापासॉरस कोटा फॉर्मेशनच्या खालच्या भागातला, तुमच्याच तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळचा. ३०० च्या आसपास हाडं, निदान सहा प्राण्यांची. खणून काढला रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, म्हणून १९७५ मध्ये नाव देताना टागोराय. बारापा म्हणजे मोठा पाय. सांगाडा कोलकात्याला उभा आहे.

वय मात्र नाही, पक्कं नाही. माशांवरून ज्युरासिकचा सुरुवातीचा काळ धरतात, पण वरच्या भागातले परागकण आणि बारीक कवचं बघून तो भाग बराच अलीकडचा असावा असंही मांडलं गेलंय. पोरांना सरळ सांगा की हे अजून चालू आहे. आणि बघा, वयाचं काहीही ठरलं तरी ती चुनखडी जोवर नकाशावर आहे तोवर नाव कोटाच.

एक सुचवतो. पोरांना आधी गावातली नवीन खोदलेली विहीर किंवा नाल्याचा उभा काठ दाखवा. थर मोजायला लावा, प्रत्येकाला वाडीचं, पाराचं, शेताचं नाव द्यायला लावा. दोन गट करा, एकमेकांशी न बोलता. मग दोघांचे कागद शेजारी ठेवा. फक्त एक, हाड किंवा खवलं दिसलं तर उचलायचं नाही, जागा लिहायची आणि कळवायचं.

---

प्राणहिता_काठचा_मास्तर

आज नेलं होतं नाल्यावर. एका गटाने चार थर लिहिले, दुसऱ्याने पाच. भांडण मधल्या पिवळ्या पट्टीवरून, वीतभर जाडीची आहे आणि पंचवीस पावलं पुढं गेलं की गायब होते. पहिला गट म्हणतो ती खालच्या मुरमाचाच भाग, दुसऱ्याने तिला "मारुतीपार थर" नाव देऊन टाकलंय आणि सोडायला तयार नाही. तीच पोरगी दुसऱ्या गटात आहे. उद्या सगळे नाल्याच्या पलीकडच्या काठावर जाऊन पट्टी तिकडं निघते का ते बघणार आहेत, निघाली तर नाव राहील असं दोन्ही गटांनी मान्य केलंय.